चेतकचा चोक: प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२५ ते जानेवारी २०२६

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

मामाची बजाज चेतक स्कूटर आज नारायण पेठेतल्या वाड्यातून कर्वेनगरला आली. छोटा हत्ती केला होता. १९८९ सालची, दीडशे सीसीची, दोन-स्ट्रोक. २०२३ च्या पावसाळ्यात मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती जिन्याखाली उभी होती. निघताना तो एवढंच म्हणाला, "बघ काय होतंय ते. नाहीच झाली तर भंगारात देऊ नकोस, आधी मला सांग."

काय करायचं ते इथेच लिहून ठेवते, म्हणजे नंतर मन बदलणार नाही: थंडीत सकाळी साडेसहाला, रात्रभर पार्किंगमध्ये उभी राहून, ती चार-पाच किकमध्ये सुरू झाली पाहिजे. माझा पहिला तास सात दहाला असतो. दुपारी सुरू होणारी स्कूटर मला उपयोगाची नाही.

टाकीतलं पेट्रोल बाहेर काढलं. वास पेट्रोलचा उरलाच नव्हता, वार्निशचा येत होता. टाकी ताज्या पेट्रोलने दोनदा विसळली. पेट्रोलची नळी बोटाने वाकवली तर कडेला चिरली, ती नवी टाकली. पेट्रोल नवं, लिटरला २० मिली टू-टी ऑइल. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळी, चटका बसावा अशी. प्लगच्या भोकावर अंगठा धरून किक मारली तर अंगठा उडवते, म्हणजे कॉम्प्रेशन आहे. राहिला कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग.

३० नोव्हेंबर, रविवार

उजव्या बाजूचं कव्हर काढलं की आत पत्र्याचा डबा आणि त्या डब्यात कार्बोरेटर. वरचा फिल्टर काढल्यावर मेन जेटची तीन मजली उभी रचना दिसते: वर हवेचं भोक, मध्ये बारीक भोकांची नळी, तळाशी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड. शेजारी पायलट जेट, मंद गतीसाठीचा. दोन्ही काढले, स्प्रे मारला, सायकलच्या पंपाने हवा मारली. हट्टी कचऱ्यासाठी वायरीतली तांब्याची एक तार घेतली. सुई किंवा पोलादी तार यात कधीही घालू नये. पितळ मऊ असतं. भोक ०.५० मिमीचं ०.५५ झालं तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणजे पेट्रोलची वाट एकवीस टक्क्यांनी रुंद झाली. मग कितीही सेटिंग करा.

फ्लोटच्या कप्प्यात, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथे, तळाला तपकिरी साका होता, तो पुसला.

दुपारी दीड वाजता, २९ अंशांत, तिसऱ्या किकला सुरू. चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायचं बटण) लागलाही नाही. जुन्या ऑइलचा पांढरा धूर पाच मिनिटं निघत राहिला आणि मग आवाज स्वच्छ झाला. मामाला फोन करून फोन सायलेन्सरजवळ धरला. तो काही बोलला नाही, पण फोन ठेवलाही नाही.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी ६:४०. गॅलरीतला तापमापक ११ अंश. चोक पूर्ण बाहेर. किक, थोडी रेस. किक, जास्त रेस. चाळीसपर्यंत मोजलं आणि थांबले. एकदाही फट् झालं नाही. पाचव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या, दहाव्या मिनिटाला आत गेल्या.

प्लग काढला: कोरडा ठणठणीत. ही आजची खरी नोंद. चाळीस किकनंतर, चोक बाहेर असताना, प्लग ओला असायला हवा होता. ओला असता तर ठिणगीत दोष शोधला असता. कोरडा आहे म्हणजे पेट्रोल तिथवर येतच नाही.

आठवडाभरापूर्वी दुपारी तिसऱ्या किकला चालू झालेलं इंजिन तेच, पेट्रोल तेच. मग बदललं काय? मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, तेव्हा हे स्वतःला नीट मांडून दाखवणं भाग आहे.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि पेट्रोल म्हणजे एक द्रव नसून पुष्कळ द्रवांचं मिश्रण: हलका भाग ३५-४० अंशांच्या आसपास उकळतो, जड भाग दोनशेच्या पुढे. गरम इंजिनात सगळ्याचीच वाफ होते. अकरा अंशांच्या थंडगार लोखंडात फक्त हलक्या भागाची होते, बाकीचं भिंतींना चिकटून बसतं. त्यातून दोन-स्ट्रोक इंजिनात मिश्रण सरळ सिलिंडरमध्ये जात नाही, आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून, फिरून जातं. म्हणजे थंड भिंती जास्त, वाट लांब.

पूर्ण ज्वलनासाठी १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते. ठिणगीने पेट घेण्यासाठी एवढा काटेकोरपणा नको. साधारण आठास एकपासून अठरास एकपर्यंत कुठेही चालतं. पण हे प्रमाण हवेचं आणि *वाफेचं* आहे. समजा थंडीत पेट्रोलच्या पाचव्या हिश्शाचीच वाफ होते आहे. मग ठिणगीजवळ पंधरास एक मिळावं म्हणून कार्बोरेटरने तीनास एक दिलं पाहिजे. नेहमीच्या पाचपट पेट्रोल!

आणि नेमकं याच वेळी कार्बोरेटर सगळ्यात दुबळा असतो. व्हेंच्युरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि पेट्रोल वर ओढलं जातं. ही ओढ हवेच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून. चालत्या इंजिनाच्या फेऱ्यांच्या मानाने किकने दहाव्या हिश्शाइतक्या फेऱ्या मिळाल्या, तर ओढ शंभरावा हिस्सा. गरज पाचपट, ताकद शंभरावा भाग. ही दरी भरून काढणं हे चोकचं काम, आणि माझा चोक ते करत नाहीये.

कोपऱ्यावरून रिक्षा करून दळण आणलं.

८ डिसेंबर, सोमवार

६:३०, १२ अंश. पुन्हा तेच. समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले काका रस्ता ओलांडून आले. "ताई, झोपवा तिला." मी हँडल धरलं, त्यांनी मागून आधार दिला. स्कूटर आडवी होईल इतकी झुकवली, दहा आकडे मोजले, सरळ केली. दुसऱ्या किकला सुरू झाली.

पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिलं आहे: सकाळी ऑफिसला निघालेला माणूस स्कूटरला पोटाशी धरून वाकवतो आहे. पण त्यात नेमकं होतं काय हे मी कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून झुकवली आणि टॉर्चने पाहिलं. फ्लोटच्या कप्प्यातलं पेट्रोल एका बाजूला चढलं आणि कार्बोरेटरच्या गळ्यात उतरलं. म्हणजे हवेची ओढ कमी पडते म्हणून पेट्रोल हातानेच ओतायचं. जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरवर टिकलरचं बटण असायचं, ते दाबून फ्लोट बुडवायचा आणि पेट्रोल ठिबकेपर्यंत थांबायचं, काम तेच. लोकांनी स्कूटरचं टिकलर आपल्या अंगमेहनतीने बनवलं होतं.

पण झुकवावी लागते याचा अर्थ चोक मेलेला आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

मामाकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किक मारताना उजवा हात कुठे असतो तुझा?"

"रेसवर."

"अगं, चोक ओढलास की रेसला हात लावायचा नाही. हात सीटवर ठेवायचा."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शाळेत सोडायला यायचा तेव्हा आम्हा मुलांना तो मूठ पिळू द्यायचा नाही, तेव्हाही हेच म्हणायचा. मला ते मोठ्यांचं ओरडणं वाटायचं. आज घरी येऊन कार्बोरेटर पुन्हा उघडला, आणि त्याच्या वाक्याचा अर्थ हातात आला.

चोक म्हणजे गळा आवळणं. कार्बोरेटरच्या तोंडाशी एक झडप असते, ती बंद केली की हवा कोंडते, असं पुस्तकात असतं, असंच मी वर्गात सांगते. या कार्बोरेटरमध्ये ती झडपच नाही. हवेच्या वाटेत काहीही आडवं येत नाही. चोकची केबल एक छोटा दट्ट्या उचलते. दट्ट्या उचलला की एक वेगळी बारीक वाट उघडते: फ्लोटच्या कप्प्यातून स्वतंत्र छोट्या जेटमधून पेट्रोल, त्यात थोडी हवा, आणि हे मिश्रण सरळ थ्रॉटलच्या (मूठ पिळली की उघडणाऱ्या हवेच्या दाराच्या) *मागे*, इंजिनाच्या बाजूला उतरतं. हा कार्बोरेटरच्या पोटातला दुसरा, फक्त थंडीतला कार्बोरेटर आहे. गळा आवळणं नाहीच, जास्तीचं पेट्रोल पाजणं आहे.

आता रेसचं कोडं. त्या बारीक वाटेतून पेट्रोल ओढलं जातं ते थ्रॉटलच्या मागच्या पोकळीमुळे. थ्रॉटल बंद असेल तर इंजिन जोरात खेचतं पण समोरून हवा येत नाही, म्हणून मागे दाब खूप कमी होतो आणि सगळी ओढ या वाटेवर पडते. मूठ पिळली की थ्रॉटल उघडतो, हवा मोठ्या दाराने आत येते, पोकळी संपते. चोक बाहेरच आहे, दट्ट्या वरच आहे, पण त्याच्यातून काही येत नाही. मी सात तारखेला चाळीस वेळा चोक ओढून चाळीस वेळा तो बंद केला होता.

पण तेवढ्याने आठ तारखेचं कोडं सुटत नाही, कारण आठला मी दोन-तीनदा हात न लावताही किक मारली होती. म्हणून स्टार्टर जेट शोधला. ३० नोव्हेंबरला मेन आणि पायलट साफ केले, आणि हा कडेचा तिसरा जेट मी काढलाच नव्हता. काढला. दिव्यासमोर धरला: अंधार. भोकात हिरवट-तपकिरी लाखेसारखं काहीतरी घट्ट बसलेलं. दोन वर्षांत पेट्रोल उडून गेलं आणि त्याचा चिकट भाग तिथे वाळला. मेन जेटपेक्षा याचं भोक बारीक, म्हणून हा आधी बुजतो, आणि दुपारी गाडी चालू होते म्हणून कोणाला कळत नाही.

स्प्रेमध्ये रात्रभर बुडवून ठेवलाय. तार घालायची नाही.

१४ डिसेंबर, रविवार

जेटमधून दिवा दिसतो! गोल, स्वच्छ.

६:३५, १० अंश. चोक बाहेर, हात सीटवर. पहिली किक, काही नाही. दुसरी, एक फट्. तिसरी, फट्-फट् आणि थांबली. चौथ्या किकला पेटली आणि चालू राहिली. मी तिथेच पार्किंगमध्ये फरशीवर बसले.

लगेच बंद केली आणि दुपारी पूर्ण गार होऊ दिली, पण दुपारच्या गार इंजिनाला सकाळची सर नाही. म्हणून उलट प्रयोग उद्या.

१५ डिसेंबर, सोमवार

६:३०, ११ अंश. मुद्दाम रेस देऊन, चोक बाहेर: पंधरा किक, शून्य. मग हात सोडला, अर्धा मिनिट थांबले, रेस न देता: तिसऱ्या किकला सुरू.

अर्धा मिनिट थांबण्याला कारण आहे. स्टार्टर जेटच्या पुढे एक छोटी विहीर असते. गाडी उभी असताना ती पेट्रोलने भरलेली राहते. पहिल्या काही किकला हे साठलेलं पेट्रोल एकदम वर येतं, तोच सगळ्यात दाट घोट. नंतर जेट जेवढं देईल तेवढंच. ओळीने धडाधड किका मारून काही होत नाही, विहिरीत पाणी झिरपायला वेळ द्यावा तसा थोडा वेळ द्यावा लागतो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

नवं दुखणं. सकाळी सुरू होते छान, पण सिग्नलला थांबली की गुदमरते, नळ स्टॉपला आज दोनदा बंद पडली. पळताना एकदम व्यवस्थित. प्लग काढला तर काजळीने काळा. पीयूसी काढायला गेले तर नापास: आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ६.२ टक्के. एप्रिल २००० पूर्वीच्या दुचाकीला ४.५ पर्यंत चालतं.

रात्री विचार करता करता लक्षात आलं की दुखण्याच्या वेळाच त्याचं नाव सांगतायत. फक्त आयडलिंगला मिश्रण दाट, म्हणजे पेट्रोल जास्त, रेस दिली की बरी. कोणती वाट थ्रॉटल बंद असताना पेट्रोल देते आणि उघडला की देत नाही? चोकचीच. म्हणजे बटण आत असूनही दट्ट्या पूर्ण खाली बसत नसणार. केबल हलवून पाहिली: जराही ढील नाही, तारेसारखी ताणलेली. कधीतरी कुठल्याशा गॅरेजमध्ये केबल बदलली आणि बसवताना जास्त ओढून आवळली. स्टार्टर जेट बुजलेला होता तोवर हा दोष झाकून राहिला होता. जेट उघडल्यावर गळती सुरू झाली.

२१ डिसेंबर, रविवार

काल कॉलेजनंतर नाना पेठेत गेले होते. चेतकचे पार्ट अजून मिळतात, आणि मागणाऱ्याला काय हवंय हे दुकानदाराला मागणाऱ्याच्या आधी कळतं. चोक केबल म्हटल्यावर समोरून प्रश्न आला, "ताई, सीटखालचं बटण तुटलंय की केबल सडलीय?" दोन्ही नाही, ढील नाही, असं सांगितल्यावर त्यांनी केबल दिली आणि वर सांगितलं की बसवताना दोन-तीन मिलिमीटर मोकळं ठेवा. कार्बोरेटरचं गॅस्केट किटही घेतलं.

आज बसवली. बटण आत ढकलल्यावर दट्ट्या टक् करून बसलेला ऐकू येतो. पूर्वी हा आवाज येत नव्हता, आणि तो यायला हवा हे मला माहीतच नव्हतं. दुपारी पीयूसी पुन्हा: ३.१. पास.

आयडलिंगचा मिश्रण स्क्रू मी याआधीच फिरवला असता तर? ६.२ चं ४.५ करता आलं असतं, पण चोकची गळती तशीच ठेवून, पायलट उपाशी ठेवून. मग गरम झाल्यावर वेगळंच काही निघालं असतं. म्हणून स्क्रूला हात लावायच्या आधी दट्ट्या बसतो का ते बघायचं.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज सुट्टी. भाचा मंडप डेकोरेशनचं काम करतो, त्याचा छोटा पेट्रोल जनरेटर रुसलाय म्हणून घेऊन आला. "आत्या, तुझं ते चोकचं चाललंय ना, मग हे पण बघ." मला तर हवंच होतं, कारण या इंजिनाला पुस्तकातला खरा चोक आहे. एअर फिल्टर काढला की तोंडाशी पितळी झडप दिसते, लिव्हर सरकवला की फिरून वाट बंद करते.

दोन्ही शेजारी ठेवून अर्धा दिवस गेला आणि त्यातून जे दिसलं ते नीट लिहून ठेवते.

जनरेटरला गव्हर्नर असतो. पन्नास हर्ट्झसाठी इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर राहिलं पाहिजे, ते काम त्याचं. इंजिन बंद असताना गव्हर्नरची स्प्रिंग थ्रॉटल पूर्ण उघडा धरून ठेवते, कारण त्याच्या हिशेबी फेऱ्या कमी आहेत. म्हणजे दोरी ओढताना थ्रॉटल सताड उघडा. या इंजिनाला चेतकसारखा स्टार्टर जेट दिला असता तर तो कधीच चालला नसता, थ्रॉटलमागे पोकळीच नाही. म्हणून इथे गळाच आवळायचा. झडप तोंडाशी बंद केली की पिस्टनची सगळी ओढ पूर्ण गळ्यात पसरते, व्हेंच्युरीतल्या नॉझलवरही पडते, आणि मेन व पायलट दोन्हीकडून पेट्रोल येतं. इथे उघडा थ्रॉटल मदत करतो, कारण तो उघडा असतो म्हणूनच ओढ झडपेपर्यंत पोचते.

तर मामाचा नियम चेतकपुरता खरा आणि जनरेटरवर उलटा. दोघांनाही आपण चोकच म्हणतो. एकाच नावाने हाक मारल्यामुळे एका यंत्राची सवय हात दुसऱ्यावर चालवतो, आणि मग लोक एकमेकांना परस्परविरुद्ध सल्ले देतात, दोघंही आपल्या आपल्या गाडीपुरते बरोबर असतात.

दुसरा फरक सोडण्यात. चेतकचा चोक मिनिटभर बाहेर राहिला तर इंजिन थोडं घुसमटतं, पण रेस दिली की तो आपोआप निष्प्रभ होतो. जनरेटरची झडप तशी दया दाखवत नाही. फेऱ्या वाढल्या की ओढ वाढते, पेट्रोल आणखी येतं, काळा धूर आणि मग प्लग ओला. पेटल्यावर काही सेकंदांत अर्धी आणि लगेच पूर्ण उघडावी लागते.

भाच्याचा रोग: चोक पूर्ण उघडला की जनरेटर वर-खाली हिंदकळतो, अर्धा ओढून ठेवला की शांत चालतो. म्हणून त्याची माणसं अर्ध्या चोकवरच चालवत होती, दिवसाला किती पेट्रोल जास्त जात असेल! अर्ध्या चोकवर बरा चालणं ही तक्रार नाही, निदान आहे: मिश्रण पातळ आहे, पेट्रोलची कुठलीतरी वाट अर्धी बुजलेली आहे. पायलट जेट काढला, होताच कचरा. साफ केला, चोक पूर्ण उघडून वीस मिनिटं चालवला. बल्ब लुकलुकला नाही.

"कार्बोरेटर बदलायला सांगितला होता मला," भाचा म्हणाला. पुरणपोळी खाऊन गेला.

२९ डिसेंबर, सोमवार

पेट्रोलबद्दल थोडं. १९८९ साली या स्कूटरचे जेट ठरले तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आता पंपावर ई-२० आहे, पाचवा हिस्सा इथेनॉल. इथेनॉलला पूर्ण जळायला हवा कमी लागते, ९ ला १. ई-२० चा हिशेब केला तर योग्य प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. जेटचं भोक तेच, म्हणजे इंजिनाला पोचणारं मिश्रण आपोआप सुमारे आठ टक्के पातळ झालं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता लागते, आणि ती उष्णता थंडीत कुठून यायची?

समुद्रसपाटीपासून पुण्याची ५६० मीटर उंची थोडी उलट दिशेने मदत करते. हवा विरळ, म्हणून तोच जेट इथे मुंबईपेक्षा किंचित दाट मिश्रण देतो. पण तो आधार दोन-तीन टक्क्यांचा.

मी जेट बदललेला नाही. पायलटच्या स्क्रूने पाव फेरा दाट केली, आयडलिंग सुधारलं. नळी आणि वॉशर मात्र इथेनॉलला टिकणारे बघून घेतले, जुनं रबर त्यात फुगतं. आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे स्टार्टर जेटमध्ये पुन्हा लाख वाळणार नाही. मामा हे करायचा का, विचारायचं राहिलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

चोक आत कधी ढकलायचा? या आठवड्यात रोज सकाळी घड्याळ लावून पाहिलं, तापमान ९ ते १२ अंश. दहा सेकंदांत आत ढकलला तर प्रत्येक वेळी बंद पडली. तीस सेकंदांनी: चालू राहिली, पण मूठ पिळली की खोकली. सव्वा मिनिटाने: स्वच्छ. दोन मिनिटांच्या पुढे ठेवला की आवाज जड होतो, चार-चार ठोक्यांनी अडखळल्यासारखा, आणि धुराचा वास बदलतो.

आवाजच सांगतो. थंड इंजिन चोकवर आधी घाईत, हलकं चालतं. भिंती तापल्या की चिकटलेल्या पेट्रोलचीही वाफ होऊ लागते, मिश्रण नको तेवढं दाट होतं, फेऱ्या उतरतात. फेऱ्या उतरायला लागल्या तो क्षण. मी आता घड्याळ बघत नाही.

गरम इंजिनावर एकदा चुकून चोक ओढला, चांदणी चौकात पेट्रोल भरून निघताना. प्लग चिंब ओला. अशा वेळी चोक आत, मूठ पूर्ण पिळायची आणि सात-आठ किक, म्हणजे हवा सगळं वाळवून नेते. थंडीत जी रेस चोक मारते, तीच रेस इथे औषध आहे.

११ जानेवारी, रविवार

मामा काल रात्री राहायला आला. सकाळी ६:२० ला स्वेटर घालून, काठी घेऊन, मी उठायच्या आधी दाराशी उभा. लिफ्टने खाली आलो. ९ अंश.

तो स्कूटरच्या डाव्या बाजूला उभा राहिला, एक हात सीटवर. वाकणं जमत नाही म्हणून गुडघा न मोडता, तिरका होऊन, सीटखाली न बघता हात घातला आणि चोक ओढला. बटण कुठे आहे हे त्याला बघावं लागत नाही. कॉक फिरवला. मग मला म्हणाला, "थांब. दोन हलक्या किक, किल्ली न लावता." मी मारल्या. "आता लाव. आणि हात?"

"सीटवर."

पहिलीला एक फट्. दुसरीला सुरू.

त्याने चोक सोडला नाही. बोटं बटणावर तशीच ठेवली, डोळे मिटले आणि ऐकत राहिला. माझ्या मनात आकडे चालू होते. फेऱ्या उतरायला लागल्या त्याच ठोक्याला त्याने बटण आत ढकललं. टक्.

"केबल बदललीस," तो म्हणाला. "हा आवाज गेला होता कितीतरी वर्षं."

कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करण्याबद्दल विचारलं. दिवाळीत गावाला जाताना करायचा, म्हणाला. ऑपरेशनच्या वेळी डोक्यातच आलं नाही.

नोंद: ९ अंश, चोक पूर्ण, रेस शून्य, दोन किक, चोक आत १ मिनिट १० सेकंदांनी. बाकी कामं: मागचा ब्रेक घट्ट करणे, स्टँडचं रबर, मामासाठी मागच्या सीटला पकडायला दांडी.